चिंचांवरचे बुटके पट्टे

मी दयाळू बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी जिव्हारी लागेल असं बोललं तर मी तेव्हा गप्प बसते, पण विसरत नाही. आमचे हे म्हणतात, "तुझ्या डोक्यात लोणच्याची बरणी हाय. एकदा घातलं की मुरतच राहतंय." खरं आहे. त्यातली एक फोड तर पंचेचाळीस वर्षं मुरत होती. ती बाहेर कशी काढली आणि खाल्ल्यावर तोंडाची काय चव झाली, ते सांगते.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं डिस्पॅचला होते. कुठला ट्रक कुठल्या गावाला, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, यातच माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर आम्ही तिथंच जवळ नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. पहिल्याच रविवारी सोसायटीच्या सचिवबाई मला ओढत क्लबहाऊसमध्ये घेऊन गेल्या. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, हौशी, आणि झाडांच्या बाबतीत हळव्या. सोसायटीतल्या करंजाची एक फांदी तोडली तर वॉचमनशी आठ दिवस बोलल्या नव्हत्या. "रविवारी अकराला आमच्याकडं जगप्रवास असतो," त्या म्हणाल्या.

जगप्रवास म्हणजे एक खेळ होता. भिंतीवर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर एक अनोळखी रस्ता. कॅमेरा लावलेली गाडी देशोदेशीच्या रस्त्यांवरून फिरते, चौफेर फोटो काढत जाते, त्यातला हा एक फोटो. गाव कुठलं, देश कुठला, काही सांगत नाहीत. चित्र बोटानं फिरवायचं, रस्त्यावरून पुढं-मागं जायचं, आणि विजेचे खांब, माती, दुकानांच्या पाट्या, गाड्या डावीकडून चालतात की उजवीकडून, हे सगळं बघून नकाशावर टाचणी रोवायची. टाचणी खऱ्या जागेच्या जितकी जवळ तितके गुण जास्त. समोर पंधरा-वीस निवृत्त माणसं खुर्च्या टाकून बसलेली, आणि टीव्हीजवळ एक उंच म्हातारा हातातल्या लाल दिव्यानं फोटोवर खुणा करत उभा.

"सावल्या बघा, सावल्या," तो म्हणत होता. "सूर्य उत्तरेला आहे. म्हणजे आपण विषुववृत्ताच्या खाली आलो."

चेहऱ्याआधी मी आवाज ओळखला. आठवीला आम्हाला भूगोल शिकवणारे सर. सगळ्यांनी माना डोलावल्या, माझी मान मात्र ताठ झाली.

चहाच्या वेळी मी मुद्दाम पुढं गेले. "सर, मी तुमची विद्यार्थिनी. आठवी ब."

"अरे वा, छान छान," सर म्हणाले, "चहा घेतला का?" आणि माझ्या खांद्यावरून हात लांब करून बशीतलं बिस्कीट उचललं. मी ज्यांना इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्यांना मी आठवतसुद्धा नव्हते. सगळ्या शिव्या फुकट गेल्या होत्या.

आता मूळ गोष्ट सांगायला हवी.

माझे वडील मैलकुली होते. हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. सरकारी रस्त्याचा काही मैलांचा तुकडा एका टोळीकडं दिलेला असायचा. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाचे दगड रंगवायचे आणि झाडांच्या बुंध्यांना पट्टे मारायचे. वर चुना, मध्ये गेरू, खाली पुन्हा चुना. चिकलठाण्याच्या पुढं जालना रोड सोडून आत वळणारा एक रस्ता आहे, तिथं बाबांचा तुकडा होता. दोन्ही बाजूंनी जुन्या चिंचा. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती. कामावर निघताना बाबा तिच्याकडं बोट दाखवायचे आणि मला एकच शब्द सांगायचे, "शीक." स्वतः त्यांना अक्षर येत नव्हतं. दगडावरचे आकडे ते जुन्या आकड्यांवरून हलक्या हातानं ब्रश फिरवून काढायचे, रांगोळी गिरवावी तसे. आकडा कुठला आहे ते त्यांना कळायचं नाही, पण त्यांचा एकही आकडा कधी वाकडा गेला नाही.

त्या चिंचांवरचे पट्टे मात्र बुटके होते. रीतीप्रमाणे पट्टा माणसाच्या छातीएवढा उंच हवा, आमच्या तुकड्यावरचा जेमतेम कमरेएवढा. कारण ते मी मारले होते. मी पाचवीत होते. कुठल्याशा साहेबांचा दौरा ठरला, चार दिवसांत सगळी झाडं रंगवायची होती, आणि बाबांच्या उजव्या हातावर डांबर सांडून फोड आले होते. मग मी डबा-कुंचला घेऊन एकेका चिंचेपाशी गेले आणि माझ्या छातीएवढे पट्टे मारत सुटले. साहेबांची गाडी धूळ उडवत निघून गेली, काचसुद्धा खाली झाली नाही. मागून आलेला मुकादम बाबांना म्हणाला, "ह्ये काय रं, झाडांना परकर नेसवले का काय?" बाबा म्हणाले, "पुढल्या वर्षी वर घिऊ."

पुढल्या वर्षी ते जमलं नाही. जुना चुना खोडाच्या भेगांत इतका बसला होता की वर नवा पट्टा मारला असता तर एकेका झाडाला दोन-दोन पट्टे दिसले असते. मग बाबांनी जुन्यावरच हात फिरवला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, तिसरे आले, सगळ्यांनी जुन्या खुणेवरच रंग मारला. झाड शेंड्याकडं वाढतं, बुंध्यावरची खूण जागची हलत नाही. पाचवीतल्या मुलीची उंची त्या रस्त्यावर तशीच राहिली.

आठवीत सरांनी आमची सहल नेली. सहल कसली, शाळेपासून त्याच रस्त्यानं पायी, हातात वही घेऊन. "रस्ता वाचायला शिका," असं सर म्हणायचे. तेव्हा ते नवीनच लागले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, गावात घरची मोठी शेती. मला ते आवडायचे. हे सांगायला आता लाज वाटते, पण आवडायचे. नकाशा भरण्यात मी वर्गात पहिली होते, आणि जिल्ह्याच्या नकाशा स्पर्धेला शाळेतून एकच मूल जाणार होतं. ते मूल मीच, असं मी धरूनच चालले होते.

वळणावर बाबा एका दगडासमोर उकिडवे बसून आकडा रंगवत होते. सर थांबले. आधी त्यांनी चिंचांकडं छडी केली. "हे बघा. पट्टा कुठं पाहिजे आणि कुठं काढलाय. अडाणी माणसाच्या हातात ब्रश दिला की असं होतं." पोरं हसली. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, ते हिचे वडील हायत." सरांनी माझ्याकडं पाहिलं. "हा कोण गं तुझा?" मी मान खाली घातली. सर म्हणाले, "चला पुढं. यांचा भूगोल पुढच्या दगडापाशी संपतो." वर्ग पुन्हा हसला. स्पर्धेला सरांच्या भावाचा मुलगा गेला, ज्याला गोदावरी कुठल्या बाजूला वाहते ते धड सांगता येत नव्हतं. अकरावीला मी मुकाट्यानं कॉमर्स घेतलं.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. लग्न ठरलं तेव्हा ह्यांना सांगितली, पुढं मुलीला सांगितली, डिस्पॅचच्या बायकांना डबा खाताना सांगितली. सांगताना शेवट नेहमी हाच: मी मान खाली घालून गप्प राहिले. ऐकणारा हळहळायचा आणि मला बरं वाटायचं.

तर आता सर सापडले होते, तेही रोज लिफ्टमध्ये भेटतील इतक्या जवळ. मला काय हवं होतं तेही लपवत नाही. याच लोकांसमोर, याच खेळात सरांनी हरायला हवं होतं. आणि ते हरले की मी उठून एक वाक्य म्हणणार होते. वाक्य तयार होतं: "सर, माझा भूगोल ज्या दगडापाशी संपतो, तिथवर तुमचा अजून पोचला नाही." भाकरी थापताना मी ते म्हणून बघायची. कधी हळू, कधी जोरात, कधी 'सर' शब्दाशी जरा थांबून. आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "कुणाशी बोलायलीस?" मी म्हटलं, "भाकरीशी."

चार महिने मी खेळलेच नाही. सरांच्या बरोबर मागच्या खुर्चीवर बसून वही लिहीत राहिले. सर कशाला फसतात, एवढंच लिहायचं. सर सूर्य आणि मातीवर भिस्त ठेवत. विजेच्या खांबांकडं त्यांचं लक्ष नसे. दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर ते वाचत नसत, खरं तर त्या आकड्यांवरून शहर कळतं. आणि एकदा बोललेलं ते मागं घेत नसत. टाचणी चुकली हे रोवण्याआधी कळलं तरी तिथंच रोवत. मास्तर माणूस, फळ्यावर लिहिलेलं खोडायची सवय नाही.

मग घरी तयारी. औरंगपुऱ्यात जाऊन जुना टॅब घेतला, शहागंजातून जवळचा नवा चष्मा केला. दुपारभर मी जगाच्या रस्त्यांवर असायची. कुठल्या देशात रस्त्याच्या कडेचे खुंट कुठल्या रंगाचे, खांब लाकडी की सिमेंटचे, घरांना पत्रा की कौल, सगळं टिपून ठेवलं. आपल्याकडचं तर मला शिकावंच लागलं नाही. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्याचा, हे मी अक्षरं शिकण्याआधी शिकले होते. वरणाला फोडणी द्यायची राहून जायची. आमचे हे एक दिवस ताट सरकवून म्हणाले, "खेळायलीस का खुन्नस काढायलीस?"

"दोन्ही."

"म्हातारं माणूस हाय ते. जाऊ दे की आता."

"तेव्हा तरणं होतं," मी म्हटलं. ह्यांनी वरण तसंच भाताला लावलं.

पाचव्या महिन्यात मी खेळायला बसले आणि पहिल्याच रविवारी दुसरी आले. त्यानंतर सर पहिले, मी दुसरी, असं चालू झालं. सरांना माझं कौतुक वाटायला लागलं, हे फार वाईट झालं. "बाईंची नजर चांगली आहे," असं ते सगळ्यांना सांगत. मला लहानपणी हेच शब्द हवे होते. आता मिळाले तर असे कडू लागत की गिळवत नसत. त्यापेक्षा त्यांनी वाकडं बोललेलं परवडलं असतं.

एका रविवारी फोटो आपल्याच देशातला निघाला. सर खुशीत होते. लाल दिवा झाडाच्या बुंध्यावर ठेवून म्हणाले, "ही खूण लक्षात ठेवा. आपल्या राज्यात रस्त्याकडेच्या झाडाला चुना-गेरूचा पट्टा असतो आणि तो बरोबर छातीएवढा असतो. याच्या खाली पट्टा दिसला तर डोळे मिटून समजा, आपण सीमा ओलांडली." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. घरी येईपर्यंत माझा बेत शिजला होता.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात या खेळाची अंतिम फेरी होणार होती. पाच फोटो, दोन खेळाडू, सर आणि मी. चार फोटो खेळ देईल ते, आणि पाचवा सचिवबाई स्वतः निवडून ठेवणार, जगातला कुठलाही. बाई पक्क्या होत्या, कुणाला ताकास तूर लागू देत नसत. मी त्यांना काही विचारलं नाही. एका सकाळी फिरताना फक्त मोबाइल काढून त्यांना बाबांचा रस्ता दाखवला. वर्षभरापूर्वी तो रुंद केला आणि सगळ्या चिंचा गेल्या. पण कॅमेऱ्याची गाडी त्याआधी तिथून जाऊन आली होती, त्यामुळं फोटोत चिंचा अजून उभ्या होत्या. "बघा, किती सुंदर सावली होती," मी म्हटलं. "आता कुणाला दाखवायची म्हटलं तरी दाखवता येणार नाही." बाबांचं किंवा पट्ट्यांचं नाव काढलं नाही. बाईंचे डोळे भरून आले. "असं कसं, दाखवायलाच पाहिजे लोकांना," त्या म्हणाल्या, आणि मी लगेच विषय बदलून मेथीचा भाव विचारला.

ही लबाडी आहे का? आहे. पण स्पर्धेला भावाचा मुलगा पाठवणं ही काय होती?

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी क्लबहाऊसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. टेबलावर शाल, नारळ आणि बक्षिसाचा मोठा कुकर मांडलेला. सरांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी बाबांना आवडायची ती निळी साडी नेसले होते. पहिला फोटो सरांनी सावल्यांवरून मारला. दुसरा मी खांबांवरून. तिसऱ्यात दोघंही फसलो, आणि एका बेकरीच्या पाटीमुळं चौथा मला मिळाला. पण तिसऱ्यात माझी टाचणी फारच लांब पडली होती, म्हणून गुणांत सर अगदी थोडे पुढं होते. सचिवबाईंनी पाचवा फोटो लावला.

अरुंद डांबरी रस्ता, काळी माती, दोन्ही बाजूंनी चिंचा. पाटी नाही, माणूस नाही, गाडी नाही. मी चिंचा मोजायला लागले.

सर उठून टीव्हीजवळ गेले. "काळी माती. चिंच. कुणालाही वाटेल मराठवाडा," ते म्हणाले, आणि सवयीप्रमाणं जरा थांबले. "पण पट्टे बघा. कमरेएवढे. मी सांगितलं होतं ना? सीमा ओलांडली. ही बिदरकडची बाजू." त्यांनी टाचणी बिदरजवळ रोवली. मी माझी चिकलठाण्याच्या पुढं, त्या वळणापासून चार झाडं अलीकडं रोवली.

उत्तर आलं तेव्हा टीव्हीवर सरांच्या टाचणीपासून रस्त्यापर्यंत लांबच लांब रेघ उमटली. माझ्या टाचणीला रेघ दिसतच नव्हती. टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी म्हणालं, "अहो, हा तर आपल्या पलीकडचाच रस्ता." सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळ्यांसमोर त्यांचा चेहरा पडलेला मी बघितला. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

"अभिनंदन बाई," सर म्हणाले. "पण एक सांगा. पाटी नाही, दगड नाही. हे पट्टे तर आपल्याकडचे असूच शकत नाहीत. ओळखलं कशावरून?"

हाच तो क्षण होता. मी उठले. वाक्य जिभेवर होतं. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"पट्ट्यांवरूनच, सर. ते मी मारलेत. पाचवीत होते. माझ्या बाबांच्या हाताला फोड आले होते म्हणून माझ्या उंचीनं मारले. पुढं सगळ्यांनी त्यावरच रंग चढवला."

सर माझ्याकडं बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी मला खरं बघितलं असं त्याच दिवशी म्हणता येईल.

"तू ती होय," ते म्हणाले. "सहलीतली. दगडापाशी." मग अगदी सावकाश, आठवून आठवून म्हणाले, "पण मी तुला विचारलं होतं, हा कोण तुझा म्हणून. तू म्हणालीस, कुणी नाही."

हो, म्हणाले होते. "कुणी नाही, सर." बाबा चार हातांवर बसले होते. मान खाली घातली हे खरं आहे, गप्प राहिले हे खोटं. हे मी ह्यांना सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही, आणि इथं तुम्हालाही सांगितलं नव्हतं. त्या वेळी रस्त्यावरून ट्रक गेला, त्याच्या आवाजात बाबांना काही ऐकू गेलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. त्या दिवशी तिथून ट्रक गेला नव्हता. मी तीस वर्षं ट्रकांच्या वेळा लिहिल्या आहेत, मला ते कळतं.

"तू खाली बघत होतीस," सर म्हणाले. आवाजात आता मास्तरकी नव्हती. "मी त्याच्याकडं बघत होतो. त्यानं आकडा अर्धा सोडला आणि ब्रश धुवायला घेतला. नुसता धूतच बसला. आम्ही वळण ओलांडेपर्यंत धूत होता."

हे मला माहीत नव्हतं. बाबा त्या संध्याकाळी नेहमीसारखे घरी आले होते. "झाला का भूगोल?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पुढं किती वर्षं जगले, पण त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी बरीच शहाणी, मीही काढला नाही. आता विचारायला ते नाहीत. जो माणूस मला या जगात सगळ्यात नकोसा, त्याच्यापाशी माझ्या बाबांची ही एवढी आठवण इतकी वर्षं पडून होती.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं," मी म्हणाले. "ते ब्रश धुताना दिसले. आणि तरी त्यानंतर तुम्ही पुढच्या दगडाचं बोललात."

सरांनी मान हलवली. "बोललो," ते म्हणाले. "पोरं हसायची म्हणून बोलायचो मी तसं."

मी थांबले. ते आणखी काही म्हणतील असं वाटलं. त्यांनी म्हटलं नाही. सचिवबाई शाल घेऊन अवघडून उभ्या होत्या. "बक्षीस देऊ या ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"थांबा जरा," मी म्हटलं. टीव्हीला जोडलेला टॅब हातात घेतला आणि त्या फोटोत पुढं चालू लागले. एक चिंच, दुसरी चिंच, तिसरी, चौथी. सगळ्यांवर माझ्या उंचीचे पट्टे. वळण आलं आणि कडेला दगड दिसला, तोच, तिथंच. मी चित्र फिरवून दगड टीव्हीच्या मधोमध आणला. तिथं कुणी नव्हतं. आकडा मात्र अर्धा नव्हता. पुरा होता, ठळक आणि सरळ.

"विचारा, सर," मी म्हटलं.

"काय विचारू?"

"त्या दिवशी विचारलं होतं ते. त्याच जागेवर आणलंय मी तुम्हाला. परत विचारा."

सर खुर्च्यांकडं बघायला लागले. कुणीतरी मध्ये पडेल आणि जाऊ द्या म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. मलाही ते कळत होतं आणि मी त्यांना सुटू देणार नव्हते. ही शिक्षा होती, आणि नुसती त्यांना नव्हती. कुणी मध्ये पडलं नाही. सरांनी हातातला लाल दिवा विझवला आणि कुकरशेजारी टेबलावर ठेवला. मग टीव्हीवरच्या दगडाकडं बघून त्यांनी विचारलं.

"हे कोण तुमचे?"

"माझे बाबा," मी म्हणाले. खाली पार्किंगमध्ये आमचे हे स्कूटर पुसत होते, त्यांनाही ऐकू गेलं.